जर्मनीला जाऊलोय, पोरांच्या कपड्यांची यादी हातभर झालीय, साईजचं कसं करायचं?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन आठवडे जर्मनीला जाऊलोय, श्टुटगार्टजवळ भाऊ असतो त्याच्याकडं. येताना फ्रँकफुर्टहून दुबई, शारजात मावसबहिणीकडं दोन दिवस आणि मग घर. पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं, सोबत थोरली चार वर्षांची आणि धाकटा नऊ महिन्यांचा, नवऱ्याला रजा नाही म्हणून मी एकटीच दोघांना घेऊन. (आणि हो, बाई आहे मी, आमच्या बेळगावात बायकापण जातो-येतोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी घाबरू नये.)

तर मूळ मुद्दा. तिकीट काढलेलं घरात कळलं त्या दिवसापासून यादी सुरू झालीय. जाऊबाईंची दोन पोरं, नणंदेचा एक, मावससासूंची नात, वर शेजारच्या काकू कुंपणावरून सांगून गेल्या की आमच्या चिमीला एक फॉरेनचा फ्रॉक बघ गं. असं करत करत एकूण आठ पोरं! वय सगळे सांगतात, माप कुणीच देत नाही, 'अगं आपल्या सोनूएवढा' म्हणतात. सोनू केवढा ते मलाच माहीत नाही, तो पुण्याला असतो.

तर विचारायचं असं की तिथं साईज कशी असते, आपल्यासारखी १८-२०-२२ असते का? टॅक्स परत मिळतो म्हणतात ते खरं काय? आणि मुळात तिकडून आणण्यासारखं काय असतं, का नुसतं पैसे घालवायचं काम? 
आणखी एक, मागं अमेरिकेहून जाऊबाईंच्या भावानं नाईटड्रेस पाठवलेला, वयाप्रमाणं बरोबर साईज होती तरी पोरगी त्यात घुसेना, एवढा टाईट. सगळे म्हणाले पहिल्या धुण्यात आटला. पण धुतलाच नव्हता की ओ अजून!


मेनकाठचा_खानापुरी

मी फ्रँकफुर्टला आहे सहा वर्षं, गाव खानापूर. साईजचं आधी सांगतो कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. जर्मनीत, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी, पोरांच्या कपड्यावर जो आकडा असतो तो पोराची उंची असते, सेंटिमीटरमध्ये. ९२, ९८, १०४, ११०, ११६, १२२ असं सहा-सहानं वाढत जातं. १०४ म्हणजे साधारण ९९ ते १०४ सेंटिमीटर उंचीचं पोर. अगदी बाळांचं ५० पासून सुरू होतं, ५६, ६२, ६८, ७४, ८०, ८६. वय विसरून जा. त्या वयाच्या आकड्यानंच सगळा घोळ होतो, आपली पोरं तिथल्यापेक्षा बारीक असतात बऱ्याचदा, चार वर्षांची म्हणून ११० उचलला तर बाही हाताखाली लोंबते.

म्हणून निघायच्या आधी एक रविवार काढून आठही पोरांच्या आयांना फोन करा, दाराच्या चौकटीला टेकवून उभं करा म्हणावं, डोक्यावर वही आडवी धरा, पेन्सिलनं रेघ मारा आणि शिंप्याच्या टेपनं मोजा. सोनूची आई पुण्यातनं व्हॉट्सअपवर पाठवेल. ज्यांनी माप पाठवलं नाही त्यांचा कपडा नाही, असा कायदाच करून टाका. यादी आपोआप अर्धी होईल बघा.

पॅन्ट घेताना आत हात घालून बघायचं, कमरेच्या आत भोकं असलेली इलॅस्टिकची पट्टी आणि बटण असतं, ती ओढून कमर बारीक करता येते. आपल्या काटकुळ्या पोरांना तीच लागते. ज्याला ती पट्टी नाही ती पॅन्ट कितीही गोड दिसली तरी परत हँगरला.

दुकानं म्हणाल तर सी अँड ए, एच अँड एम, आणि एर्नस्टिंग्स फॅमिली म्हणून एक आहे तिथं खास पोरांचंच स्वस्त आणि टिकाऊ मिळतं. डीएम म्हणून साबण-शांपूचं दुकान आहे, प्रत्येक गावात असतं, तिथं एका कोपऱ्यात बाळांचे ऑरगॅनिक सुती कपडे असतात, धाकट्यासाठी तिथं नक्की बघा. जुलैच्या शेवटी उन्हाळी सेल असतो, म्हणजे तुमचा टाईम एकदम बरोबर बसलाय, पहिल्या आठवड्यात घाईनं काही घेऊ नका. रविवारी मात्र सगळं बंद! शनिवारी संध्याकाळी आठवण आली की भाऊ तोंड वाकडं करेल.

टॅक्स खरं आहे. तिथं १९ टक्के आहे. पण १०० युरोच्या बिलात तो १५.९७ युरोच निघतो कारण किमतीत धरलेलाच असतो, आणि त्यातनंही रिफंडवाली कंपनी स्वतःची फी कापून घेते. एका दुकानात एका बिलात ५० युरोच्या वर खरेदी पाहिजे, पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा, आणि फॉर्म तुमच्या नावावर पाहिजे. भाऊ तिथं राहतो म्हणून त्याच्या नावाचा चालत नाही, ह्यात बरेच जण फसतात, बिल भाऊ देतो आणि फॉर्म पण त्याच्याच नावानं करून बसतात. नंतर एअरपोर्टवर कस्टमचा शिक्का, तोही मोठी बॅग सोडायच्या आधी, कारण ते कपडे दाखवा म्हणू शकतात. टॅग काढून पोरांना घातलेले कपडे त्यात धरू नका.


निपाणी_बसस्टँड

एवढा उपद्व्याप कशाला ओ. गणपत गल्लीत, खडेबाजारात जाऊन या, आठ पोरांचे कपडे एका दुपारात होतात, वर भाव करून. फॉरेनच्या टीशर्टची कॉलर उलटी करून बघा, आत मेड इन बांगलादेश नाहीतर मेड इन इंडिया. तिरुपूरला शिवलेला बनियन जर्मनीला जाणार, तिथनं वैनी बॅगेत घालून परत बेळगावला आणणार. त्या बनियनचं पासपोर्ट काढा की मग!


मेनकाठचा_खानापुरी

हसलो राव. पण तिरुपूरचं असलं तरी तिथल्या दुकानात जातं ते त्यांच्या नियमानं जातं. लेबलवर ओइको-टेक्स असं लिहिलेलं असतं बऱ्याच कपड्यांवर, म्हणजे रंगात-कापडात घातक रसायन आहे का ते तपासलेलं, आणि तीन वर्षांखालच्या पोरांसाठी त्याची सगळ्यात कडक कॅटेगरी आहे, कारण ती पोरं कपडा चघळतात. धाकट्याला अंगावर पुरळ उठत असेल तर हे कामाचं आहे. बाकी साधे टीशर्ट-चड्ड्या बेळगावातनंच घ्या, त्यात निपाणीकरांशी सहमत.


गल्फमधनं_गावाला

मी अठरा वर्षं शारजात काढून आता हुक्केरीला परत आलोय, तर तुमच्या परतीच्या दोन दिवसांबद्दल सांगतो.

आधी सुतळीची गोष्ट. आमच्या आईला सेंटिमीटर काय कळत नव्हतं. मी सुट्टी संपवून निघालो की ती सुतळीला गाठी मारून द्यायची. पहिली गाठ धाकट्या पुतण्याची उंची, दुसरी त्याच्या थोरल्याची, तिसरी पुतणीची, आणि पुतणीच्या गाठीला लाल दोरा, म्हणजे मुलगी. मी दुकानात काउंटरवर सुतळी पसरायचो आणि फ्रॉक तिच्यावर ठेवून बघायचो, सेल्समन मल्याळी होता, पहिल्या वर्षी हसला, तिसऱ्या वर्षी तोच सुतळीचं दुसरं टोक धरून उभा राहायला लागला. एकही कपडा चुकला नाही. टेप असेल तर टेप, नसेल तर सुतळी, पण अंदाजानं काही घेऊ नका.

बुटांचं वेगळं. बुटाचा आकडा प्रत्येक कंपनीचा निराळा, म्हणून पोराचा पाय पेपरवर ठेवून पेनानं आखून घ्या, दोन्ही पाय, संध्याकाळी. आखलेला कागद कापून बुटात घालून बघायचा, पुढं बोटभर जागा राहिली पाहिजे.

आता दुबईचा टॅक्स. ५ टक्के आहे, २५० दिरहमच्या बिलापासून परत मिळतो, पण त्यातला ८५-८७ टक्केच देतात आणि वर दर पावतीमागं ४.८० दिरहम कापतात. हिशोब करा. २५० च्या बिलात टॅक्स ११.९०, त्यातले मिळतात दहाच्या आसपास, त्यातनं ४.८० गेले, हातात आले पाच-साडेपाच दिरहम. कडेवर नऊ महिन्यांचं पोर घेऊन एवढ्यासाठी मशीन शोधत फिरणार काय? एकाच दुकानात हजार-दोन हजार दिरहमची खरेदी असेल तर बघा, नाहीतर सोडून द्या.

आणि तिथं मॅक्स, बेबीशॉप वगैरे दिसेल, मोठी छान दुकानं, पण मॅक्स आपल्याकडंपण आहे की. तिथनं तेच उचलून आणायचं नाही. मी एकदा एका दुकानातनं पुतण्यांना तीन सारखी जॅकेटं घेतलेली सेलमध्ये, घरी येईपर्यंत दोघांच्या चेन निघाल्या. शारजातलं दुकान, आता हुक्केरीतनं कुठं बदलून आणू? दुकानातच चेन चार वेळा वर-खाली करून बघायची, बटणं लावून बघायची, शिवण उलटी करून बघायची. तिथनं एकदा बाहेर पडलात की तो कपडा जन्माचा तुमचा.

कस्टमचं पण लक्षात असू द्या. २०१६ च्या बॅगेज नियमात माणशी ५० हजारापर्यंत सूट होती, निघायच्या आधी कस्टमच्या साईटवर चालू आकडा बघून घ्या. धाकट्याच्या नावावर मात्र काही धरू नका, दोन वर्षांखालच्या बाळाला फक्त त्याच्या वापरातल्या सामानाची सूट असते. कपड्यात तुम्ही त्या आकड्याजवळ जाणार नाही म्हणा, पण भाऊ मोबाईल-बिबाईल देईल सोबत.


जांबोटी_ते_जर्सी

ताई, तुमच्या नाईटड्रेसचं कोडं मी सोडवतो, मी न्यू जर्सीत आहे. तो आटलेला नव्हता, तो मुद्दाम टाईटच शिवलेला असतो! अमेरिकेत नियम आहे, ९ महिन्यांच्या वरच्या साईजपासून १४ साईजपर्यंत पोरांचे झोपायचे कपडे एकतर आग न धरणाऱ्या कापडाचे पाहिजेत, नाहीतर अंगाला एकदम चिकटून बसणारे पाहिजेत. सैल सुती कपडा मेणबत्ती-शेगडीजवळ गेला की पटकन पेटतो, कपड्याच्या आत हवा खेळती असते म्हणून. त्यामुळं सुती पायजमा असेल तर तो घट्टच. पिवळा टॅग लटकत होता का बघा त्याला, त्यावर हेच लिहिलेलं असतं, आपण तो टॅग न वाचता फाडून टाकतो. अमेरिकेचा सुती नाईटड्रेस आणायचा असेल तर एक साईज मोठी मागवायची, सोपं.

अजून एक, तिथं ३टी, ४टी असं असतं. टी म्हणजे टॉडलर, चालायला लागलेलं पोर, बसायच्या जागी डायपरला जागा ठेवलेली असते. ४टी आणि नुसतं ४ ह्यात फरक आहे.

आणि हुडीच्या टोपीला, गळ्याला ओढायची नाडी नसते लहान पोरांच्या, अमेरिकेत पण आणि युरोपात पण. घसरगुंडीत, बसच्या दारात अडकून पोरं दगावलेली आहेत त्यानं. आपल्याकडच्या मार्केटमध्ये नाडीवालीच जास्त गोड म्हणून घेतो आपण. मी तर गावी आलो की पुतण्यांच्या स्वेटरच्या नाड्या कात्रीनं कापून टाकतो, वैनी चिडते.

आमच्या जर्सीत कपड्यावर सेल्स टॅक्स नाही, एवढं एक सुख आहे. टूरिस्टला परत वगैरे काही मिळत नाही, जे आहे ते काउंटरवरच.


शहापूरची_सून

अय्यो, एवढं सगळं! जाऊबाईंना आत्ताच फोन करून सांगितलं, टॅग पिवळाच होता म्हणाल्या, पोरीनं पतंग म्हणून खेळून फाडला.

मापाचा कायदा लागू केलाय. आत्तापर्यंत आठांपैकी तिघांचीच मापं आली. शेजारच्या काकू म्हणतात 'माप कशाला, सैलच आण, पुढच्या वर्षी होईल.' थोरली भरली १०१, म्हणजे तिला १०४ आणि पुढच्या वर्षाला ११० बरोबर ना? धाकटा टेपच खाऊलाय, झोपल्यावर मोजला, ७२.

दोन प्रश्न राहिले. स्वेटर-जॅकेट तिथली चांगली असतात म्हणून सासूबाई मागं लागल्यात. आणि भावासाठी कुंदा नेऊ का, का विमानात गळेल?


मेनकाठचा_खानापुरी

१०४ आणि ११० बरोबर. धाकट्याला ७४ आत्ताला आणि ८०, ८६ जरा जास्त घ्या, ह्या वयात पोरं दोडक्यासारखी वाढतात.

थंडीचं जड जॅकेट अजिबात नको. एकतर जुलैत दुकानात ते नसतंच, दुसरं म्हणजे बेळगावची थंडी किती ओ, सकाळी दवाखान्याला नेताना एक स्वेटर पुरतो. जॅकेट अर्धी बॅग खातं आणि पोर दोन वेळा घालून उंच होतं. सासूबाईंना सांगा तिथली थंडी तिथं, आपली आपल्यात.

त्यापेक्षा जी गोष्ट खरंच आणायची ती सांगतो, माट्शहोझे. माट्श म्हणजे चिखल, होझे म्हणजे पॅन्ट. पावसात घालायची डंगरी असते, बाहेरनं रबरासारखी, छातीपर्यंत, खांद्यावर पट्टे, आणि पायाच्या तळव्याखाली इलॅस्टिक घालायचं म्हणजे वर सरकत नाही. तिथल्या बालवाडीत प्रत्येक पोराच्या खुंटीला एक टांगलेली असते, पाऊस असो काय असो पोरं ती घालून बाहेर चिखलात बसतात, मास्तरीणबाई काय ओरडत नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडं केवढा पाऊस, खानापूर-जांबोटीकडं तर विचारू नका, आणि आपण पोरांना रेनकोट घालतो जो गुडघ्यालाच संपतो. मी पुतणीला नेली, अजून वापरतात, आता तिसरं पोर घालतंय. ही आपल्या साईजपेक्षा एक मोठी घ्यायची कारण आत कपडे असतात.

कुंदा नेऊ नका!! युरोपात बाहेरच्या देशातनं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सामानात चालत नाहीत, कुंदा म्हणजे निव्वळ खवाच की, कस्टमवाल्यानं उघडला तर डस्टबिनमध्ये जाईल आणि तुम्हाला रडू येईल. लाडू, चिवडा, मेतकूट न्या. मी कुंदा गावाला येऊनच खातो, पोटभर.


टिळकवाडीची_आजी

मुलीच्या बाळंतपणाला मी म्यूनिकला पाच महिने होते म्हणून लिहिते. सगळे नवीन कपड्यांचं सांगताहेत, मी जुन्याचं सांगते. तिथं बालवाडीत किंवा चर्चच्या हॉलमध्ये पोरांच्या वापरलेल्या कपड्यांचा बाजार भरतो, बाझार असंच म्हणतात आणि उच्चार पण आपलाच. टेबलं मांडलेली असतात आणि साईजप्रमाणं ढीग, ६८ चं वेगळं, ७४ चं वेगळं, बायका पिशव्या घेऊन सकाळी दार उघडायच्या आधीच रांगेत उभ्या. मला आधी कसंतरीच वाटलं, लोकाच्या पोराचं उतरलेलं घालायचं म्हणून. मग आठवलं की आपल्याकडं तरी बाळाला पहिलं झबलं जुन्या धुवट धोतराचं नाहीतर मऊ लुगड्याचं शिवतात, नवीन कपडा पाचवी-बारशापर्यंत अंगाला लावतच नव्हतो. कारण तेच, दहा वेळा धुतलेलं कापड बोचत नाही. तिथला बाळाचा अंगरखा, खाली टिचबटणं असलेला, मी एकेक युरोला घेतला, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला.

मोठे बाजार वसंतात आणि शरदात असतात, जुलैत तुम्हाला रस्त्यावरचा पोरांचा जुना बाजार मिळेल, वैनींना विचारा, त्यांना माहीत असणार. ती चिखलाची डंगरी पण तिथं हमखास असते, गुडघ्याला भोक आहे का उजेडात धरून बघा फक्त.

टिचबटणाच्या अंगरख्याचं एक, आपल्याकडं लंगोट बांधतात त्यावर तो बसत नाही, डायपरवर बसतो. तुम्ही घरात लंगोटच वापरत असाल तर ढीगभर आणू नका.


निपाणी_बसस्टँड

आजी, लोकांना द्यायचे कपडे पण जुन्या बाजारातले नेले तर चालतील काय, काकूंना कळणार थोडीच.


टिळकवाडीची_आजी

कळतं बाळा. बायकांना वासावरनं कळतं.


शहापूरची_सून

आलो परत! गेल्या गुरुवारी. उशीर झाला लिहायला, धाकट्याची झोप अजून जर्मनीच्या टायमावर आहे, रात्री दोन वाजता टाळ्या वाजवत बसतो.

हिशोब देतो. शेवटी पाच पोरांची मापं आली, पाचांचंच आणलं. सोनू ११४ निघाला, मी ११० धरून बसलेलो! काकूंच्या चिमीला माप न देता आणायचं म्हणून केसांचे क्लिप आणले, बारा एका कार्डावर, ते तर इतके आवडले की फ्रॉकचं कुणी नावच काढलं नाही. कमरेच्या आतली बटणाची पट्टी सगळ्यांना मापात आली, नणंदेच्या पोरानं ती शोधून काढून ओढून ओढून तोडली, पण ते पोरच तसं आहे.

दोन बिलं ५० युरोच्या वर गेली, फॉर्म दोन्ही माझ्या नावानं केले. फ्रँकफुर्टला कस्टमच्या बाईनं बॅग उघडा म्हटलं, वरच ठेवलेले कपडे, टॅगसकट. तिनं एक छोटा फ्रॉक हातात घेतला, धाकट्याकडं बघितलं, ह्याचा? म्हणून हसली आणि शिक्का मारला. दुबईत एक पैशाचं काही घेतलं नाही, मावसबहिणीनं जेवायला घालून घालून दोन दिवस संपवले.

सासूबाईंना जॅकेट नाही आणलं म्हणून थोडा राग होता. तो त्या चिखलाच्या डंगरीनं घालवला. निळी आहे, जुन्या बाजारातली, ३ युरो, आजी म्हणाल्या तशी उजेडात धरून बघितली, भोक नाही. परवा इथं नुसतं धो धो लागलेलं, वडगावच्या रस्त्याला पाणी, थोरली ती घालून अंगणात बसली ती तासभर उठली नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघताहेत, हे काय रबराचं धोतर म्हणतात. मग आतनं दुसरी खुर्ची आणून स्वतःच बसल्या. पोरगी रात्री ती काढू देईना, तशीच झोपली, मी मध्यरात्री पट्टे सोडवले. आता जाऊबाईंनी माप पाठवलंय, न विचारता, दोन्ही पोरांचं, पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ कुठनं आली ते नवऱ्याला विचारायचं राहिलंय.